चाळीस चलांची प्रणाली पडद्यावर बघायची तर आधी कापड विणा

प्रश्न थोडक्यात असा आहे. बेळगावात एम.टेक. करणाऱ्या, खानापूर तालुक्यातून रोज ये-जा करणाऱ्या एका विद्यार्थिनीच्या प्रकल्पात ‘लॉरेन्झ-९६’ ही ४० चलांची, म्हणजे काळाबरोबर बदलणाऱ्या ४० आकड्यांची प्रणाली आहे. तीन-तीन चलं घेऊन तिने आलेख काढले. सगळे सुतळीच्या गुंत्यासारखे दिसतात, आणि सगळे एकसारखेच. गाईड म्हणतात, इंटरॲक्टिव्ह सॉफ्टवेअर वापर. कुठलं वापरावं, की स्वतः लिहावं? लॅपटॉप ८ जीबीचा आहे, वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही, आणि पावसाळ्यात घरी लाइटचा भरवसा नाही.

सॉफ्टवेअरची नावं देतो, पण शेवटी. आधी गुंता का दिसतो ते बघू, कारण ते कळलं नाही तर महागातलं सॉफ्टवेअरही तोच गुंता फक्त जास्त रंगीत करून दाखवेल.

इतर वाचकांसाठी दोन ओळी. एडवर्ड लॉरेन्झ यांनी हवामानाच्या अंदाजातली चूक कशी वाढत जाते हे तपासायला १९९०च्या दशकात हे खेळण्यातलं वातावरण मांडलं. एका अक्षवृत्तावर ४० ठिकाणं, गोल कड्यासारखी, प्रत्येक ठिकाणी एक आकडा. आकडा बदलतो कसा? पुढच्या शेजाऱ्यातून मागून दुसरा वजा करायचा, त्याला लगेच मागच्याने गुणायचं, त्यातून स्वतःची किंमत वजा करायची (हे घर्षण) आणि वरून ‘एफ’ नावाचा ठरावीक रेटा द्यायचा. एवढंच. एफ ८ ठेवला की प्रणाली कधीच स्थिर बसत नाही आणि स्वतःची पुनरावृत्तीही करत नाही. काळाचं एक एकक ५ दिवसांचं धरतात.

आता तुमचा गुंता. याच लॉरेन्झ यांची १९६३ची तीन चलांची प्रणाली, ती फुलपाखरासारखी, सगळ्यांनी पुस्तकात पाहिलेली असते. तिने आपल्याला बिघडवलं, असं माझं मत. त्या फुलपाखराची मिती सुमारे २.०६ आहे, म्हणून ते तीन अक्षांच्या खोलीत आरामात मावतं आणि बघताक्षणी कळतं. तुमच्या प्रणालीत एफ ८ असताना ॲट्रॅक्टरची, म्हणजे प्रणाली शेवटी ज्या आकृतीवर फिरत राहते तिची, मिती सुमारे २७ येते. सत्तावीस मितींची वस्तू तीन मितींत कोंबली की गुंताच होणार. आणि सगळे गुंते सारखे का, याचं कारण त्याहून सोपं आहे. कडं गोल आहे, नियम सगळीकडे एकच आहे, त्यामुळे ४-५-६ क्रमांकाची चलं आणि १७-१८-१९ क्रमांकाची चलं यांच्यात दीर्घकाळात काही फरकच नाही. तुम्ही एकच आलेख चाळीस वेळा काढलात.

म्हणून पहिलं काम फेज स्पेस, म्हणजे प्रत्येक चलाला एक अक्ष देऊन काढलेलं चित्र, बाजूला ठेवण्याचं. बेळगावच्या शहापूर-वडगाव-खासबागेत कुठल्याही गल्लीत शिरा, यंत्रमागाचा खडखडाट ऐकू येईल. आपण माग म्हणतो, शेजारचे कन्नड विणकर मग्ग म्हणतात. मागावर उभे धागे ताणलेले असतात तो ताणा, आणि धोटा फिरला की एक आडवा धागा पडतो तो बाणा. तुमची ४० चलं म्हणजे ताण्याचे ४० धागे. प्रत्येक क्षणाची अवस्था म्हणजे बाण्याचा एक धागा, प्रत्येक ठिकाणी त्या चलाच्या किमतीप्रमाणे रंगवलेला. क्षणामागून क्षण टाकत गेलात की पडद्यावर कापड उतरत जातं. हवामानवाले याला हॉव्हमोलर आकृती म्हणतात, ती १९४९ची. नाव काहीही द्या, तुमच्या प्रणालीसाठी हे पहिलं चित्र आहे, कारण यात ४० पैकी एकही चल फेकून दिलेलं नाही.

एफ ८ ठेवून हे कापड उतरवा. तिरके पट्टे दिसतील, एका बाजूला सरकणारे. लॉरेन्झ यांच्या भाषेत लाटा पश्चिमेला जातात. जरा डोळे बारीक करून बघितलंत तर पट्ट्यांचे ठळक झुबके मात्र उलट, पूर्वेला सरकताना दिसतील. लाट एकीकडे, तिची शक्ती दुसरीकडे. तीन अक्षांच्या गुंत्यात हे तुम्हाला जन्मात दिसलं नसतं.

इथे ‘इंटरॲक्टिव्ह’ या शब्दाला पहिल्यांदा अर्थ येतो. एकाच सुरुवातीपासून दोन प्रणाली सोडा. दुसरीत फक्त विसाव्या चलाला एक दशलक्षांश धक्का द्या. दोघींच्या फरकाचं वेगळं कापड शेजारी विणा, रंग लॉगरिदमच्या मोजपट्टीवर. फरक एका टिंबापासून सुरू होतो, पूर्वेकडे पाचरीसारखा पसरतो आणि मग सगळं कडं व्यापतो. एफ ८ला छोटी चूक सुमारे २.१ दिवसांत दुप्पट होते. दशलक्षांशापासून एकापर्यंत यायला साधारण २० दुपटी लागतात, म्हणजे बेचाळीसेक दिवस. काळाचं पाऊल ०.०५ धरलं तर एक पाऊल म्हणजे ६ तास, म्हणजे सुमारे १७० पावलं, आणि सेकंदाला ६० चौकटी चालणाऱ्या पडद्यावर तीन सेकंद. धक्का कुठे द्यायचा ते माउसने टिचकी मारून ठरवता आलं पाहिजे. त्या तीन सेकंदांसाठी मी इंटरॲक्टिव्ह सॉफ्टवेअर वापरतो. फिरणाऱ्या सुंदर आकृतीसाठी नाही.

आता फेज स्पेसकडे या, पण सावध होऊन. चाळीस मितींतली वस्तू पडद्यावर दिसते ती सावली असते, आणि सावलीचा मुख्य दोष म्हणजे जे एकमेकांपासून लांब आहे ते एकमेकांवर पडलेलं दिसतं. यावर मी स्वतः तोंडघशी पडलो आहे, ते सांगतो.

२०१९च्या ऑगस्टच्या पुरानंतर आम्ही दोघा-तिघांनी हौसेने कृष्णेच्या आपल्याकडच्या भागाचं एक ढोबळ मॉडेल केलं होतं. कोयना, वारणा, राधानगरी आणि हिडकलचे साठे, पंचगंगा आणि दूधगंगा-वेदगंगेचं पाणी, राजापूर बंधाऱ्याजवळची पातळी, शिवाय पट्ट्यापट्ट्यातली जमिनीची ओल, अशी १४ चलं. तीन निवडून मी पडद्यावर फिरता आलेख केला. जुलैतला मार्ग आणि ऑगस्टातला मार्ग एका जागी अगदी छेदत होते. चिकोडीकडच्या एका गावात आठ-दहा शेतकऱ्यांसमोर मी ऐटीत म्हणालो, बघा, प्रणाली परत त्याच अवस्थेत आली, तरी पुढे वेगळी वागली. मागे बसलेले एक मामा म्हणाले, “धरणं दोन्ही बारी सारखीच भरल्यात, खरं रानं सारखी हायत व्हय? जुलैत वापसा तरी व्हता.”

मी गप्प. ज्या प्रणालीचं पुढचं पाऊल आजच्या अवस्थेवरून पूर्ण ठरतं, तिचे दोन मार्ग एकमेकांना छेदूच शकत नाहीत. छेद दिसला तर एक तर एखादं चल सावलीत दडलंय किंवा बाहेरून काहीतरी येतंय, आमच्या बाबतीत पाऊस. मामांनी दडलेलं चल नावानिशी सांगितलं: ओल. ती माझ्या चौदा चलांत होतीच, फक्त मी निवडलेल्या तीन अक्षांत नव्हती. तेव्हापासून माझ्या प्रत्येक अवजारात एक बटण असतंच. सावलीतल्या छेदावर टिचकी मारली की त्या दोन बिंदूंमधलं सगळ्या मितींतलं खरं अंतर आणि सगळ्यात जास्त फरक असलेली तीन चलं बाजूला छापली जातात. प्रोग्राममध्ये जेमतेम वीस ओळी लागतात. सॉफ्टवेअर निवडताना मी पहिल्यांदा हेच विचारतो, की चित्रावरच्या ठिपक्यापासून मूळ आकड्यांपर्यंत परत जाता येतं का. येत नसेल तर ते नुसतं छायाचित्र.

याचंच दुसरं नाव जोडलेल्या खिडक्या. कापडावर एक आडवा पट्टा निवडला की सावलीत तोच काळ लाल व्हावा. सावलीत एक कोपरा निवडला की कापडावर ते क्षण उजळावेत. ही युक्ती जुनी आहे. १९७०च्या दशकात संख्याशास्त्रज्ञ जॉन टुकी आणि स्टॅनफर्डच्या प्रवेगक केंद्रातल्या सहकाऱ्यांनी ‘प्रिम-९’ नावाची प्रणाली केली, नऊ मितींपर्यंतची माहिती पडद्यावर फिरवायची, एक भाग वेगळा काढायचा, नको तो झाकायचा. आज पन्नास वर्षांनी बहुतेक लोक अजून पहिल्या क्रियेपाशीच आहेत: फिरवायचं आणि “वा” म्हणायचं.

तुमचे गाईड बहुधा पीसीए करायला सांगतील, म्हणजे जास्तीत जास्त पसारा ज्या दिशांत आहे त्या दिशा काढायला. कराच, पण काय होणार ते आधी सांगून ठेवतो. कडं गोल असल्यामुळे तुमच्या सहचलन मॅट्रिक्सची (कुठली दोन चलं किती बरोबरीने बदलतात याचा तक्ता) प्रत्येक ओळ आधीच्या ओळीची एक घर सरकवलेली प्रत असते, आणि अशा मॅट्रिक्सच्या दिशा म्हणजे दुसरं-तिसरं काही नसून साइन आणि कोसाइन लाटा. त्या जोडीजोडीने येतात, जोडीतल्या दोघींचा पसारा सारखा. म्हणून पहिल्या दोन घटकांचा आलेख गोल, धुरकट चकतीसारखा येतो आणि विद्यार्थी हिरमुसतात. चूक तुमची नाही. उलट याचा उपयोग करा: जोड्यांचे आकडे एकमेकांशी जुळत नसतील तर तुम्ही प्रणाली पुरेशी लांब चालवलेली नाही. आणि आलेख पहिल्या दोन घटकांचा काढण्याऐवजी एका जोडीची त्रिज्या आणि दुसऱ्या जोडीची त्रिज्या, असा काढा. गोल फिरणं निघून गेलं की कुठली लाट मोठी होताना कुठली आटते ते दिसायला लागतं.

वाटेल त्या दिशेने सावली पाडून काही हाती लागेल, ही आशाही सोडा. ४० मितींत आंधळेपणाने घेतलेल्या दोन दिशा जवळजवळ काटकोनातच निघतात, ९० अंशांच्या आसपास नऊएक अंश इकडेतिकडे. डायकोनिस आणि फ्रीडमन यांनी १९८४मध्ये दाखवलं की मिती वाढल्या की बहुतेक सावल्या घंटेच्या आकाराच्या, निराकार दिसू लागतात, वस्तू आत कशीही असो. म्हणून सावली शोधावी लागते. डॅनियल असिमोव्ह यांची १९८५ची ‘ग्रँड टूर’ त्यासाठीच आहे: पडद्याचं प्रतल एका दिशेतून दुसऱ्या दिशेत हळूहळू वळत राहतं, उडी मारत नाही, त्यामुळे डोळा ठिपक्यांचा माग ठेवू शकतो. वळताना काही वेगळं दिसलं की थांबवायचं आणि प्रतलात कुठल्या चलाचा किती वाटा आहे ते वाचायचं. या वाट्याच्या काड्या कोपऱ्यात कायम दिसत राहिल्या पाहिजेत.

टी-एसएनई आणि यूमॅप या अनेक मितींची माहिती दोन मितींत बसवणाऱ्या तंत्रांबद्दल कुणीतरी सांगेलच. वेगवेगळ्या जातींचे ढीग ओळखायला ती चांगली आहेत. पण तुमचा मार्ग सलग आहे, आणि ही तंत्रं सलग मार्ग कात्रीने कापून तुकडे लांब-लांब ठेवतात. मग त्या अंतरांना अर्थ चिकटवण्याचा मोह होतो. प्रबंधात टाकू नका.

स्लायडरविषयी मात्र जरा लांबून सांगायला हवं, कारण मी परीक्षक म्हणून बसलो की बहुतेक गडबड तिथेच सापडते. एफचा स्लायडर ओढत न्यायचा आणि प्रणाली कुठल्या किमतीला बदलते ते बघायचं, हे ऐकायला सोपं वाटतं. सगळ्या चलांची किंमत एफएवढीच असेल तर प्रणाली स्थिर उभी राहते. हा समतोल कधी मोडतो? कागदावर काढा, एका पानाचं काम आहे. एका ठिकाणाहून पुढच्या ठिकाणी जाताना लाट जेवढी वळते तो कोन थीटा धरला तर तिच्या वाढीचा वेग येतो: उणे १, अधिक एफ गुणिले (कोसाइन थीटा उणे कोसाइन दोन थीटा). कंसातली सर्वांत मोठी किंमत ९/८, म्हणजे एफ ८/९च्या वर गेला की समतोल डळमळीत. पण ४० ठिकाणांच्या कड्यात पूर्ण लाटाच बसतात, त्यामुळे पहिली उठते ती ८ लाटांची, एफ सुमारे ०.८९४ला.

आता पडद्यावर एफ ०.९ ठेवा. काहीच होत नाही. विद्यार्थी लिहून टाकतो, ०.९ला प्रणाली स्थिर. चूक! ८ लाटांच्या वाढीचा वेग इथे फक्त ०.००६२ आहे; लाट पावणेतीनपट व्हायला काळाची १६० एककं लागतात, म्हणजे ३,२०० पावलं, म्हणजे चौकटीला एक पाऊल धरलं तर जवळजवळ ५३ सेकंद. पाच सेकंदांत स्लायडर पुढे ओढणाऱ्याला ती दिसणारच नाही. त्यात आणखी दोन खड्डे. सगळी चलं नेमकी समान ठेवून सुरुवात केली तर वजाबाकी अगदी शून्य येते आणि संगणक ती सममिती कधीच मोडत नाही. थोडा विस्कळीत धक्का द्यावाच लागतो. आणि एफ ८साठी रंगांची मोजपट्टी उणे दहा ते पंधरा ठेवलेली असेल तर ०.९ची बारीक लाट एकाच रंगात बुडते. मोजपट्टी सरासरीभोवती आवळता आली पाहिजे. स्लायडरसोबत म्हणून तीन गोष्टी हव्यात: आहे त्या अवस्थेतून पुढे चालू, ठरावीक अवस्थेतून पुन्हा सुरू, आणि चित्र न काढता हजार पावलं पुढे.

चित्रांआधी दोन तपासण्या. रेटा आणि घर्षण दोन्ही बंद करा: सगळ्या चलांच्या वर्गांची बेरीज कायम राहिली पाहिजे. दोन्ही चालू करून लांब चालवा: वर्गांची सरासरी ही चलाच्या सरासरीच्या एफपट आली पाहिजे, म्हणजे एफ ८ला आठपट. नसेल आली तर कापड कितीही देखणं असो, शेजाऱ्याचा क्रमांक कुठेतरी चुकलाय. कड्याचं शेवटचं टोक पहिल्याला जोडताना तो हमखास चुकतो.

आता नावं. कापड आणि फरकाचं कापड स्वतः लिहा, ब्राउझरमध्ये, एका एचटीएमएल फाइलीत. ४० स्तंभ आणि ६०० ओळी म्हणजे २४,००० चौकोन, कुठलाही लॅपटॉप हे सहज रंगवतो आणि नेटही लागत नाही. पावलापावलाने समीकरणं सोडवणारी चौथ्या क्रमाची रुंगे-कुट्टा पद्धत जावास्क्रिप्टमध्ये वीस ओळींत होते. लियापुनोव्ह घातांक (छोटी चूक किती वेगाने वाढते त्याचं माप) आणि बाकीची गणितं ज्युलिया भाषेतल्या ‘डायनॅमिकल सिस्टिम्स’ पॅकेजमधून घ्या. त्याच्या फिरत्या खिडक्या ‘माकी’ या आलेख काढणाऱ्या पॅकेजवर चालतात, त्याला ओपनजीएल ३.३ ही ग्राफिक्सची सोय पुरते, म्हणजे लॅपटॉप फार जुना नसेल तर वेगळं कार्ड नको. पहिल्यांदा बसवायला आणि उघडायला वेळ लागतो, तो कॉलेजच्या वायफायवरच घालवा. ग्रँड टूरसाठी आर भाषेतलं ‘टूरआर’. समतोल आणि त्यांचे फाटे (एफ बदलताना समतोल मोडून नवं वागणं कुठे फुटतं त्या जागा) शोधायचे असतील तर बार्ड एर्मेंट्राउट यांचं ‘एक्सपीपीऑट’: दिसायला तीस वर्षांपूर्वीचं, पण हलकं, आत हे फाटे शोधणारं ‘ऑटो’ जोडलेलं, आणि ४० चलांची समीकरणं एका ओळीत लिहू देतं. मॅटकॉन्टही चांगलं, पण त्याला मॅटलॅब लागतं. पॅराव्ह्यूच्या वाटेला जाऊ नका. ते प्रवाहाच्या क्षेत्रांसाठी उत्तम, तुमच्या कामाला तोफ.

रॅमची काळजी सोडा. एक अवस्था म्हणजे ४० आकडे, ३२० बाइट. एक लाख अवस्था म्हणजे ३२ एमबी, आणि तेवढ्यात तुमच्या खेळण्यातल्या वातावरणाची अडुसष्टेक वर्षं मावतात.

लाइटची काळजी करा. दर हजार पावलांनी अवस्था फाइलीत टाका, पण पूर्ण अंकांनी, बायनरीत. पडद्यावर दिसलेले तीन अंक टाइप करून पुन्हा सुरू करू नका. १९६१मध्ये लॉरेन्झ यांनी १२ चलांच्या मॉडेलमध्ये ०.५०६१२७च्या जागी छापील कागदावरचं ०.५०६ घातलं आणि थोड्याच वेळात सगळं हवामान बदललं. त्यातून त्यांना शोध लागला. तुमचा प्रकल्प मात्र बाहेरच्या परीक्षकासमोर पुन्हा तसाच चालून दाखवावा लागेल.

आज रात्री एवढंच करा. एफ ०.९, सुरुवातीला प्रत्येक चलाला शंभरांशाएवढा विस्कळीत धक्का, रंग सरासरीभोवती आवळलेले. चालू करून चहा ठेवायला जा. परत याल तेव्हा कापडावर तिरके पट्टे उतरत असतील. एका ओळीतले मोजा आणि आठ भरले का ते मला कळवा. नऊ भरले तरी लगेच प्रोग्राममध्ये चूक शोधू नका: नऊची लाट तिथे विझणारीच असते, पण इतकी सावकाश की दुसरा कप होईपर्यंत ती रेंगाळू शकते.